ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? : एका आकड्याचा इतिहास

गाडीचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, हा प्रश्न पाच जणांना विचारा, पाच उत्तरं मिळतात. मिस्त्री म्हणतो अडीच हजार. शोरूमवाला म्हणतो आमचा मेसेज येईल तेव्हा. गाडीबरोबर आलेलं पुस्तक म्हणतं दहा हजार किंवा एक वर्ष. डबा म्हणतो त्याहूनही जास्त चालेल. आणि शेजारचे काका म्हणतात, काळं झालं की बदला. गंमत अशी की या पाचांपैकी कुणीही पूर्णपणे खोटं बोलत नाही. प्रत्येकाचा आकडा कधीतरी, कुठल्यातरी इंजिनासाठी, कुठल्यातरी इंधनावर खरा होता. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की किलोमीटरचा आकडा एकट्या तेलाचा गुण नसतो. त्या काळचं इंधन किती घाण होतं, रस्त्यावर धूळ किती होती, इंजिनात गाळणी होती की नव्हती, याची ती नोंद असते. काळ बदलतो, नोंद मात्र लोकांच्या तोंडात तशीच राहते. म्हणून आधी इतिहास आणि मग हिशेब, असा क्रम आम्ही ठेवला आहे.

वंगण आपल्याला नवं नाही. बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावणारा माणूस ‘किती कोसांनी बदलायचं’ असं कधी विचारत नव्हता. कारण तिथे बदलण्याची भानगडच नव्हती. तेल लावायचं, ते गळून जायचं, सुकायचं, धूळ धरायचं, चाक कुरकुरायला लागलं की पुन्हा लावायचं. यंत्रयुगाच्या सुरुवातीलाही हेच होतं. वाफेच्या इंजिनाला प्राण्यांची चरबी, मोहरीच्या जातीचं तेल, ऑलिव्हचं तेल, देवमाशाचं तेल असं जे मिळेल ते घालत. तेल जायचं आणि परत यायचं नाही. अशा पद्धतीत ‘भर घालणं’ असतं, ‘बदलणं’ नसतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो थेट आपल्या स्कूटरपर्यंत येणार आहे.

१८५९ साली पेन्सिल्व्हेनियात टायटसव्हिल इथे एडविन ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागलं. ते हवं होतं दिव्यासाठी, म्हणजे रॉकेलसाठी. रॉकेल काढल्यावर जो जड, चिकट भाग उरे त्याचं करायचं काय, या प्रश्नातून आजचा वंगणाचा धंदा उभा राहिला. १८६६ साली न्यूयॉर्क राज्यात दोन उद्योग सुरू झाले. एक डॉ. जॉन एलिस यांचा. त्यांचं तेल वाफेच्या इंजिनाच्या व्हॉल्व्हसाठी होतं, आणि त्यावरून पुढे ‘व्हॅल्व्होलिन’ हे नाव आलं. दुसरा रॉचेस्टरच्या हायरम एव्हरेस्ट यांचा. तेल निर्वातात उकळलं की कमी तापमानाला ऊर्ध्वपातन होतं, तेल करपत नाही. म्हणून कंपनीचं नावच ‘व्हॅक्यूम ऑइल’. सुरुवातीला त्यांचा माल घोड्याच्या सामानाच्या चामड्याला लावायला खपत असे. मोटारीचं तेल घोड्याच्या लगामावरून आलं, असं म्हटलं तर ते फार चुकीचं होणार नाही.

आता एक प्रयोग सांगतो. आम्हाला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसांवरचं घर्षण मोजत होते. बेअरिंगला वरून तेल देण्यासाठी त्यांनी पितळेत एक भोक पाडलं. झालं उलटंच. फिरता आस खालच्या तेलात बुडत होता आणि तेल भोकातून वर उसळू लागलं. त्यांनी भोकात खुंटी ठोकली. खुंटी बाहेर फेकली गेली! मग तिथे दाबमापक लावला, तेव्हा त्याचा काटा २०० पौंडांच्या पुढे गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार तर प्रति चौरस इंच १०० पौंडांच्या आसपास होता. याचा अर्थ असा की फिरणारा लोखंडी आस तेलाला स्वतःच ओढून आत घेतो, तेलाचा दाब तयार होतो, आणि आस त्या तेलावर तरंगतो. लोखंडाला लोखंड लागतच नाही. तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं.

हे इथे सांगायचं कारण असं की ‘जाड तेल म्हणजे चांगलं तेल’ ही आपल्याकडची पक्की समजूत इथेच तपासता येते. इंजिनाला वाचवतो तो तेलाचा पापुद्रा. तो टिकण्यासाठी ठराविक दाटपणा लागतो, कमी नको आणि जास्तही नको. फार पातळ असेल तर पापुद्रा फाटतो. फार दाट असेल तर तेल फटीत वेळेवर पोचत नाही, ते घुसळण्यात ताकद जाते आणि तेल तापतं. बोटांत धरून चिकटपणा बघणाऱ्या मिस्त्रीला थंड तेलाचा दाटपणा कळतो. इंजिनात मात्र ते शंभर अंशांना काम करत असतं.

मोटारी आणि विमानं आली तेव्हा एरंडेलाचे दिवस पुन्हा फिरले. व्हॅक्यूम ऑइलमध्येच नोकरी केलेले चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ साली लंडनमध्ये स्वतःची कंपनी काढली, आणि १९०९ साली एरंडेलाची जोड दिलेलं एक तेल बाजारात आणलं. एरंडेल म्हणजे इंग्रजीत कॅस्टर, त्यावरून नाव ‘कॅस्ट्रॉल’. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची गोल फिरणारी इंजिनं शुद्ध एरंडेलावर चालत, कारण एरंडेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होत नाही. त्या इंजिनांतही तेल परत येत नसे, जळकं तेल वैमानिकाच्या तोंडावर उडत असे. एरंडेल पोटात गेलं की काय होतं हे आपल्या घरच्या आजीने आपल्याला शिकवलेलं आहेच. (हशा) एरंडीचं बी त्या काळी हिंदुस्थानातून मोठ्या प्रमाणावर परदेशी जात असे, म्हणजे गुजरात-दख्खनच्या कोरडवाहू रानातलं पीक फ्रान्सच्या आकाशात जळत होतं. पण एरंडेलाचा एक दोष मोठा. ते तापून तापून घट्ट होतं, वार्निशसारखा थर धरतं. इंजिन वरचेवर उघडून साफ करावं लागे. म्हणून फिरत्या, बंदिस्त इंजिनांमध्ये खनिज तेलच टिकलं.

फिरतं आणि बंदिस्त, इथे आपला प्रश्न जन्माला येतो. इंजिनाच्या खाली तेलाचं भांडं आलं. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला ‘चेंबर’ म्हणतात. तेच तेल वर जाणार, खाली येणार, पुन्हा वर जाणार. आता ते संपत नाही, पण खराब होतं. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी चालली. तिच्यात तेलाचा पंप नव्हता, फ्लायव्हील तेल उडवत असे. पातळी बघायला खाली दोन तोट्या. वरची उघडून तेल आलं नाही आणि खालचीतून आलं की पातळी बरोबर. गाळणी तर नव्हतीच. तिच्या माहितीपुस्तकात सांगितलं होतं की नव्या गाडीचं तेल पहिल्या चार-पाचशे मैलांना काढून टाका आणि नंतर साधारण साडेसातशे ते हजार मैलांना. म्हणजे आपल्या हिशेबात बाराशे ते सोळाशे किलोमीटर. आज हा आकडा ऐकून हसू येतं. पण गाळणी नाही, रस्ते मातीचे, पेट्रोल जड आणि अर्धवट जळणारं, तेलात कसलंही औषध घातलेलं नाही, अशा गाडीला तो अगदी योग्य होता.

१९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श यांनी मोटारीसाठी तेलाची गाळणी काढली. ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांवरून तिचं नाव प्युरोलेटर. आकडा लांबला तो पहिल्यांदा या गाळणीमुळे. तेल काही एका रात्रीत सुधारलं नव्हतं.

त्याच दशकात तेलाला क्रमांक मिळाले. त्याआधी तेल ‘लाइट’, ‘मीडियम’, ‘हेवी’ असं विकलं जाई, आणि एकाचं मीडियम ते दुसऱ्याचं हेवी. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, दाटपणाचे आकडे ठरवले. दहा, वीस, तीस, चाळीस वगैरे. हे दर्जाचे आकडे नाहीत हे लिहून ठेवा. चाळीस नंबर हा तीस नंबरापेक्षा ‘वरचा’ नाही, फक्त दाट आहे. १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी आणखी एक मोजमाप आणलं. तापल्यावर तेल किती पातळ होतं याचा निर्देशांक. पेन्सिल्व्हेनियाच्या तेलाला शंभर गुण, गल्फ किनाऱ्याच्या तेलाला शून्य. पुढे त्यात दाटपणा सांभाळणारे पॉलिमर घालून थंडीत पातळ आणि उन्हात दाट राहणारं ‘मल्टिग्रेड’ तेल तयार झालं. ते दुसऱ्या महायुद्धानंतर रुजलं.

काउंटरवर आपण ‘ट्वेंटी-फॉर्टी द्या’ म्हणतो. लिहिताना ते २०डब्ल्यू-४० असतं आणि तो ‘डब्ल्यू’ विंटरचा, हिवाळ्याचा. २०डब्ल्यू म्हणजे उणे १५ अंशांच्या थंडीतही इंजिन फिरू शकेल इतपत पातळ. १०डब्ल्यूला उणे २५ आणि ०डब्ल्यूला उणे ३५ अंशांची चाचणी असते. मागचा चाळीसचा आकडा शंभर अंशांवरचा दाटपणा सांगतो. इथे हमखास प्रश्न येतो की सोलापूरला उणे ३५ कुठलं, मग नव्या छोट्या गाडीला शोरूमवाले ०डब्ल्यू-२० सारखं पाण्यासारखं तेल का घालतात? उत्तर टॉवरच्या प्रयोगात आहे. तीस अंशांच्या सकाळीसुद्धा इंजिनातलं तेल शंभर अंशांवर असतं त्यापेक्षा कितीतरी पट दाट असतं, आणि गाडी चालू केल्यावरचे पहिले काही क्षणच धातूला सर्वांत जड जातात. शिवाय नव्या इंजिनांतल्या फटी, पंप, तेलाच्या वाटा हे सगळं पातळ तेल धरून आखलेलं असतं, आणि पातळ तेलाने पेट्रोल वाचतं. त्यात ‘आपल्याकडे उष्णता जास्त’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणं म्हणजे बारीक गाळणीतून काकवी गाळण्यासारखं आहे. उलट जुन्या, खुल्या फटींच्या इंजिनाला ०डब्ल्यू-२० घालणंही तितकंच चूक. जाड-पातळचा निर्णय पुस्तकाचा. हवामानाचा त्यात जेवढा भाग आहे तोही पुस्तकात तक्ता करून दिलेला असतो.

आता आपण सगळ्यांत महत्त्वाच्या वळणावर येतो. १९३० च्या दशकात कॅटरपिलर कंपनीचे डिझेल ट्रॅक्टर शेतांत आणि धरणांच्या कामांवर गेले आणि त्यांच्या पिस्टनच्या रिंगा चिकटून बसायला लागल्या. डिझेल इंजिन जास्त तापतं, काजळी करतं. त्या वेळचं उत्तमोत्तम शुद्ध तेलही त्यात करपून गोंद होत होतं. यावर स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने तेलात धातूंचे साबणासारखे क्षार घालून बघितले आणि त्यातून १९३५ साली ‘डेलो’ हे तेल आलं. तेलाने इंजिन वंगवायचंच, पण धुवायचंही, ही कल्पना इथून सुरू झाली. घाण धरायची, ती गोळा होऊ न देता तरंगत ठेवायची आणि काढताना आपल्याबरोबर बाहेर न्यायची.

लोकांनी या तेलाचं स्वागत कसं केलं? तक्रारीने. ‘हे तेल लगेच काळं होतं!’ जुनं तेल बरेच दिवस सोनेरी दिसायचं, कारण घाण इंजिनाच्या भिंतींना चिकटलेली असायची. नवं तेल काळं व्हायचं कारण घाण तेलात आलेली असायची. शेजारच्या काकांचा नियम नव्वद वर्षांपूर्वीच मोडला आहे, पण अजून चालू आहे. डिझेल गाडीत तेल पहिल्या काही शे किलोमीटरांतच काळं दिसतं, त्याने घाबरू नये. भिण्यासारखा रंग वेगळा आहे. चहाच्या दुधासारखं पांढुरकं तेल म्हणजे त्यात पाणी शिरलं.

त्या साबणाचा दुसरा धर्म जास्त मोलाचा. तो अल्कधर्मी असतो. डिझेलमध्ये गंधक असतं, ते जळून आम्ल होतं, आणि आम्ल बेअरिंग व बोअर खातं. तेलातला अल्क ते आम्ल मारतो. आम्लपित्तावर खाण्याचा सोडा घेतात, तसंच. पण सोडा संपतो. तो संपला की तेल दिसायला कसंही असो, कामातून गेलं. आता आपल्या देशातले आकडे बघा. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातल्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. २००० च्या सुमारास ते पाव टक्क्यावर आलं. बीएस-४ च्या डिझेलमध्ये दहा लाखांत ५०. आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, दहा लाखांत फक्त १०. पंचवीस वर्षांत हजारपट घट! ज्या मिस्त्रीने १९८५ साली ट्रकचं तेल लवकर लवकर बदलायला सांगितलं, तो अडाणी नव्हता. त्याच्या डिझेलचा हिशेब बरोबर होता. आज त्याचा शिष्य तोच आकडा सांगतो तेव्हा तो एका नाहीशा झालेल्या इंधनाचा आकडा सांगतो. लांब पल्ल्याच्या आजच्या ट्रकांच्या पुस्तकांत चाळीस-पन्नास हजार किलोमीटर आणि काहींत त्याहून पुढचे आकडे दिसतात, त्यामागे तेलाच्या शोधाइतकाच हा गंधकाचा इतिहास आहे.

गुणवत्तेच्या अक्षरांबद्दल थोडक्यात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९४७ साली तेलाचे तीनच वर्ग केले होते, साधं, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी. पुढे पेट्रोलसाठी ‘एस’ आणि डिझेलसाठी ‘सी’ अशी मालिका आली. पेट्रोल गाडीत दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकी कसोटी नवी. २०१० सालचं एसएन, २०२० सालचं एसपी. आपण डब्यावर आधी ब्रँड बघतो, मग ‘सिंथेटिक’ हा शब्द, मग किंमत. बघायला हवीत ती ही बारीक अक्षरं आणि दाटपणाचा आकडा. बीएस-६ च्या डिझेल गाडीत धुराची गाळणी असते. साबणातले धातू जळून राख होते आणि राखेने ती गाळणी बुजते, म्हणून तिथे कमी राखेचंच तेल लागतं. जुन्या ट्रकचं उत्तम तेल नव्या गाडीला विष ठरू शकतं.

मुंबईचा यात थोडा वाटा आहे, तो सांगायला हवा. रॉचेस्टरची ती व्हॅक्यूम ऑइल पुढे न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइलमध्ये मिळाली, आशियातल्या धंद्यासाठी १९३३ मध्ये ‘स्टँडर्ड-व्हॅक्यूम’, म्हणजेच स्टॅनव्हॅक, अशी कंपनी झाली, आणि तिनेच १९५४ मध्ये ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला. तो पुढे एस्सोचा झाला. १९६९ मध्ये एस्सो आणि भारत सरकार यांच्या भागीदारीतून ‘ल्यूब इंडिया’ आली आणि वंगणाचं मूळ तेल, ज्याला बेस ऑइल म्हणतात, ते मुंबईत होऊ लागलं. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर हे सगळं हिंदुस्थान पेट्रोलियम झालं. घोड्याच्या लगामाला तेल लावणाऱ्या कंपनीची एक फांदी अशी आपल्या माहुलच्या खाडीपर्यंत आली आहे. १९७२ साली इंडियन ऑइलचं ‘सर्व्हो’ आलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयातीची बंधनं सैल झाली आणि परदेशी ब्रँडांची रांग लागली. तोपर्यंत बहुतेकांसाठी निवड म्हणजे पंपावर जे असेल ते.

आता स्कूटर. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या मराठी मध्यमवर्गाची गाडी म्हणजे टू-स्ट्रोक. स्कूटर, लूना, राजदूत, येझदी. बुलेटवाले काय ते अपवाद. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबर जळून जातं. म्हणजे आपण पुन्हा बैलगाडीच्या पद्धतीत होतो, भर घालायची, बदलायचं नाही. गिअरबॉक्सचं ऑइल तेवढं वेगळं. पंपावर माप घेऊन ऑइल मारायचं, आणि ‘थोडं जास्तच मारा, इंजिनाला बरं’. ते जास्तीचं तेल निळ्या धुरातून सगळ्यांच्या छातीत जात होतं. रिक्षात तर सुटं, कसलंही तेल पडायचं. दिल्लीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुटं टू-टी तेल विकायला बंदी घालून पंपावरच मिसळून द्यायची सक्ती झाली, ती याच धुरामुळे. १९८५ ला हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी-१०० आली. तिची जाहिरात ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ अशी. ती पेट्रोलबद्दल होती. पण ज्या पिढीने कधी इंजिनाचं ऑइल बदललंच नव्हतं, तिच्यातले काही जण ऑइलही विसरले. एका अख्ख्या पिढीला नव्या सवयीची ओळख झाली ती गॅरेजमधून, आणि गॅरेजने तिला सांगितलेला आकडा छोटा होता. आम्हाला तो सावधगिरीचा सल्ला वाटतो. त्यात धंदा नव्हताच असं नाही, पण इंजिन जाम झाल्यावर शिव्या मिस्त्रीलाच पडतात हेही खरं.

मोटारसायकलच्या बाबतीत तो आकडा कारपेक्षा छोटा असायला कारणही आहे. तिच्यात लिटरभर तेल, आणि तेच इंजिनाला, क्लचला, गिअरला. गिअरचे दात मल्टिग्रेडमधले पॉलिमर कातरतात, तेल हळूहळू पातळ होत जातं. आणि ओला क्लच असल्यामुळे कारचं निसरडं तेल घातलं की क्लच घसरतो. यासाठी जपानने १९९८ मध्ये ‘जासो’ची वेगळी कसोटी आणली. डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए-२’ बघायचं ते म्हणून. कारचं ऑइल उरलंय, गाडीत टाकून देऊ, असं कृपा करून करू नका.

अमेरिकेतही हा आकड्याचा हट्ट होता. तिथे तीन हजार मैल, म्हणजे ४,८०० किलोमीटर, हे एवढं रुजलं की गाड्यांची पुस्तकं दुप्पट-तिप्पट सांगत असतानाही लोक सोडेनात. शेवटी कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा खात्याला ‘आपल्या गाडीचं पुस्तक बघा’ अशी मोहीम काढावी लागली, कारण वाया जाणारं चांगलं तेल हा त्यांच्या दृष्टीने कचराच होता.

मग पुस्तकातला दहा हजारचा आकडा डोळे मिटून पाळायचा का? नाही, आणि इथे आम्ही मिस्त्रीच्या बाजूने बोलतो. पुस्तकात मागे बारीक अक्षरांत ‘कठीण वापर’ असा एक भाग असतो. धूळ, ओझं, सतत थांबत-चालत जाणं, छोट्या छोट्या फेऱ्या. तो वाचला की लक्षात येतं, अरे, हे तर आपलंच वर्णन आहे! मुलांना चार किलोमीटरवरच्या शाळेत सोडून परत येणारी गाडी कधी धड तापतच नाही. तिच्या तेलात पाणी आणि पेट्रोल साठतं. तिचे वर्षाला तीन हजार किलोमीटर झाले तरी तेल वर्षाने बदलायचं. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचं इंजिन चालतं आणि किलोमीटर शून्य. ट्रॅक्टरवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय, ते तास मोजतात. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तकांत २५० तासांचा आकडा असतो. ऊसतोडीच्या हंगामात, फुफाट्यात रोज दहा तास चालणाऱ्या ट्रॅक्टरचे ते २५ दिवसांत भरतात. तिथे तेलाइतकीच हवेची गाळणी महत्त्वाची, कारण वाळूचा कण इंजिनात गेला तर कितीही महाग तेल त्याला गुळगुळीत करू शकत नाही. उलट रोज पुणे-कोल्हापूर करणाऱ्या गाडीला दहा हजार अगदी आरामात जातात.

आणि बदलण्याइतकंच पातळी बघणं आहे. आमच्या मते ‘जुनं तेल’ यापेक्षा ‘कमी तेल’ याने जास्त इंजिनं जातात. सकाळी, गाडी सपाट जागी, पट्टी पुसून एकदा बघायची. पंधरा दिवसांतून एकदा. सिंथेटिक घातलंय म्हणून पट्टी बघायचं सुटत नाही.

काढलेल्या काळ्या ऑइलचं काय होतं, हेही याच हिशेबात येतं. आपल्याकडे ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लागतं, लाकडाला वाळवी म्हणून लागतं, बरंचसं गॅरेजमागच्या नाल्यात जातं. त्यात जड धातू असतात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं तेल परत घेऊन शुद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम लागू झाले आहेत. अडीच हजारांऐवजी पाच हजारांना बदललं तर हा काळा डबा निम्मा होतो. रिकामा डबा मात्र भोक पाडूनच टाका. अखंड डबे भंगारातून उचलून त्यांत पुन्हा भलतंच तेल भरलं जातं.

चिठ्ठ्या आल्यात, वेळ संपत आलाय, एकच घेतो. विचारलंय, ‘नव्या गाडीची पहिली सर्व्हिस हजार किलोमीटरलाच का? एवढं तेल चांगलं म्हणता, तर तेही दहा हजार चालू द्या की.’ चांगला प्रश्न आहे. नव्या इंजिनात रिंगा आणि बोअर एकमेकांशी जुळून बसताना धातूचा बारीक चुरा निघतो, जोडणीचे अवशेष सुटतात. तो चुरा पहिल्या तेलाबरोबर बाहेर काढायचा असतो. यंत्रं आता इतकी काटेकोर झालीत की काही कारखाने पहिल्या भेटीला नुसती तपासणी करतात आणि तेल तसंच ठेवतात. काही अजून बदलतात, विशेषतः दुचाकीवाले, कारण तिथे गिअरचाही चुरा त्याच तेलात येतो. फोर्डने मॉडेल टीला सांगितलेले ते पहिले चार-पाचशे मैल आठवतात ना? हजार किलोमीटर म्हणजे सहाशे-सव्वासहाशे मैल होतात. तुमच्या पुस्तकात पहिल्या भेटीला ‘बदला’ लिहिलंय की ‘तपासा’, ते बघा आणि तसंच करा.